गुलिस्तानआपांनी कुठे बसायचं?

वली परकारला मानपान सांभाळायचा भारी नाद. कुणाच्या गावाला आधी वाढलं, कुणाला पंख्याखाली बसवलं, यावरून पिढ्यान्‌पिढ्या रुसलेली माणसं त्याने रत्नागिरीकडच्या लग्नांत पाहिली होती. म्हणून त्याचा नियम ठरलेला: गावागणिक पंगत वेगळी. डिसेंबरात त्याच्या लेकीचा, यम्नाचा निकाह, आणि पंगतींची यादी आत्तापासूनच खिशात!

पण त्याआधी आलं यहयाच्या मुलीचं लग्न. यहया कुर्दी, आखातात मुसफ्फाच्या वर्कशॉपमध्ये बारा वर्षं वलीच्या शेजारी वेल्डिंग करणारा. त्याच्या बापाचं शेत एक, पण मधून सरहद्दीची तार गेलेली. यहया तारेच्या सीरियाकडचा. थोरली बहीण गुलिस्तान लग्न होऊन तारेपलीकडे, तुर्कस्तानात गेली. धाकटा भाऊ लढाईत जीव घेऊन पळाला, तो इराकात. तिघं एका ताटाला बसून सत्तावीस वर्षं झाली होती. कधी याला व्हिसा नाही, कधी तिला पासपोर्ट नाही. या वेळी तिघांचे कागद जुळले, तेही चारच दिवसांसाठी.

"हबीबी, हॉलचं तू बघ," यहया म्हणाला. "माझ्या बहिणीला काही कमी पडायला नको."

झालं! वलीने हॉलच्या तीन कोपऱ्यांत तीन टेबलं मांडली आणि पत्रा कापून सोनेरी पाट्या केल्या: तुर्कस्तान, सीरिया, इराक.

"रुसायला जागाच ठेवली नाही," तो बायकोला मिशीत हसत म्हणाला.

जैनबने कपाळावर हात मारला. "अहो, ती भावंडं आहेत, गावं नाहीत!" पण ऐकतोय कोण?

गुलिस्तानआपा आल्या त्या हिरव्या झगमगत्या झग्यात, हसतच. पाट्या दिसल्या आणि दारातच थबकल्या. कुर्दीत काहीतरी पुटपुटल्या. यहयाने मान खाली घालून वर्कशॉपच्या हिंदीत सांगितलं, "पूछती है, मैं किधर बैठूं? पैदा इधर हुई, शादी उधर, छोटा भाई तीसरा टेबल पे."

वलीने पाट्यांकडे पाहिलं. सत्तावीस वर्षांची ताटातूट या शहाण्याने सोनेरी रंगात लिहून ठेवली होती! त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"यल्ला!" तो एकदम ओरडला. "ओढा टेबलं! खलास!"

नवरदेवासकट सगळे धावले. तिन्ही टेबलं जोडून एकच लांबलचक टेबल झालं. बिर्याणीची गरम भांडी आली, तशा आपांनी पाट्या पालथ्या करून भांड्यांखाली सारल्या आणि खदखदून हसल्या. तिघं भावंडं एकाच तबकाला बसली. आपांनी पहिला घास धाकट्याच्या तोंडात घातला, दुसरा रडणाऱ्या यहयाच्या, आणि तिसरा "मला नको, मला नको" म्हणणाऱ्या वलीच्या.

मग ढोल वाजला. बोटात बोट अडकवून सगळे एका ओळीत नाचू लागले. वलीचं बोट आपांच्या मुठीत, पाय मात्र भलत्याच तालात. जैनबची हसून हसून पुरेवाट झाली.

धापा टाकत तो तिच्याजवळ आला आणि खिशातली यादी काढून टराटरा फाडली.

"यम्नाच्या लग्नात एकच पंगत."

"आणि तुमचे चुलते रुसले तर?"

"रुसू देत! शेजारी बसायला त्यांना कुठे व्हिसा लागतो?"