तीन शतांश सेकंद

माझ्या नातीचं, रुचाचं, बारसं झालं ते २०१९ साल. जावयाची बहीण रेणू पूर्व किनाऱ्याकडच्या हर्नडनहून यायची होती, पण बर्फामुळे तिची फ्लाइट कॅन्सल झाली. फिनिक्सजवळ चँडलरला लेकीच्या घरात पाळणा सजलेला आणि आत्याच नाही. शेजारची वासीती म्हणाली, "आमच्या टोंगा बेटांवरही नाव बापाची बहीणच ठेवते. मी चालेन का?" मग रेणूने फोनवर नाव सांगितलं आणि वासीतीने ते बाळाच्या कानात म्हटलं. तिथून आमची मैत्री.

वासीती भावाकडे, सेमिसीकडे राहायची. त्याची मुलगी लुसेआने अडथळ्यांची शर्यत धावायची. शंभर मीटर, दहा अडथळे. कॉलेजात तिने पदकं मिळवली. चोविसाव्या वर्षी सहाव्या अडथळ्यावर पडली, गुडघ्याचं ऑपरेशन झालं, दोन वर्षं गेली. नंतर पहाटे सराव करून ती गोदामात कामाला जाई. २०२३ साली ती अठ्ठावीस वर्षांची होती. त्या वर्षीच्या स्पर्धेसाठी टोंगाच्या संघात जायला १४.२० सेकंद हवे होते, आणि तिची आजवरची सर्वांत चांगली वेळ १४.३१. पुढची निवड चार वर्षांनी.

वासीतीचं तोवर तीन वर्षं डायलिसिस चालू होतं, आठवड्यातून तीनदा. मंगळवारी मी तिच्यासोबत बसायची. मे महिन्यात ती म्हणाली, "शोभना, मला हे बंद करायचंय. डॉक्टरला सांगून झालंय."

"मग थांबलीस कशाला?"

"आमच्यात आत्याचा मान बापाहून मोठा. मी मेले की लुसेआनेला केस कापावे लागतील, कमरेला जुनी चटई बांधून स्वयंपाकघरात राबावं लागेल. सुतकात धावणं नाही. तिची शर्यत होईपर्यंत टोचून घेते."

"तिला माहीत आहे?"

"नाही. तू सांगितलंस तर तुला कालव्यात ढकलीन."

वीस मेला फिनिक्समध्ये शर्यत झाली. सेमिसीबरोबर मी गेले. लुसेआने १४.१६ मध्ये आली. बोर्डावर आकडा लागला तशी सेमिसीने मला उचललंच. मग खाली वाऱ्याचा आकडा लागला, २.६. पाठीमागून वारा सेकंदाला दोन मीटरच्या वर असला की वेळ धरत नाहीत. सेमिसीने मला खाली ठेवलं.

वासीती म्हणाली, "वाऱ्याला दुसरं काम नव्हतं?" आणि पुढच्या मंगळवारी पुन्हा खुर्चीत जाऊन बसली. तिचा हात कोपरापर्यंत काळानिळा झाला होता. घरी आली की उलट्या व्हायच्या.

दहा जूनला दुसरी शर्यत. त्या दिवशी वारा नव्हता. नवव्या अडथळ्याला लुसेआनेचा मागचा पाय लागला. १४.२३.

पार्किंगमध्ये ती जमिनीवर बसून बूट काढत होती. सेमिसी गाडी आणायला गेला होता.

"आजी, जूनअखेर कॅलिफोर्नियात अजून एक स्पर्धा आहे. फक्त तीन शतांश. आत्याला विचारते, ती हो म्हणेल."

ती हो म्हणणार हे मलाही ठाऊक होतं.

"विचारू नकोस," मी म्हटलं. "तिला डायलिसिस सोडायचंय. तुझ्या शर्यतीसाठी थांबलीय."

"कधीपासून?"

"मेपासून."

"बाबांना माहीत आहे?"

"नाही."

तिने दुसऱ्या बुटाची नाडी सोडली. बराच वेळ लागला.

घरी आल्यावर ती वासीतीच्या पायाशी बसली. "आत्या, कॅलिफोर्नियाला जात नाही. गुडघा पुरे म्हणतोय."

वासीतीने माझ्याकडे पाहिलं. "हा गुडघा मराठी कधीपासून बोलायला लागला?"

मी लुसेआनेची बॅग दाराशी नेऊन ठेवली.

"अजून एक धावली असतीस," ती लुसेआनेला म्हणाली. "मी बसले असते."

"माहीत आहे. म्हणूनच."

वासीतीने तिच्या केसांवरून हात फिरवला. मग म्हणाली, "सेमिसीला बोलाव. त्याला मीच सांगते."

मंगळवारी ती सेंटरला गेली नाही. लुसेआनेने गोदामातून रजा घेतली आणि शेवटपर्यंत तिच्याजवळ राहिली. नंतर तिने केस कापले, दहा दिवस स्वयंपाकघरात राबली. ती पुन्हा शर्यतीत उतरली नाही. आता शाळेतल्या मुलींना अडथळ्यांवरून धावायला शिकवते.

वासीती बुधवारी, २१ जून २०२३ रोजी दुपारी वारली.