विलायती दस्ता

पाम गावच्या आनंदीकडे वडिलांची दुनळी बंदूक होती. शंभरेक वर्षांपूर्वीची, अस्सल विलायती. वडील गेले तेव्हा जो तो म्हणाला, विकून टाक. आनंदीने मात्र वर्षभर खेटे घालून परवाना स्वतःच्या नावावर करून घेतला. भातात डुकरं शिरतात, हे सांगायचं कारण. खरं म्हणजे नळ्यांच्या बुडाशी कुणा कारागिराने कोरलेली इवलीशी पाखरं तिला लहानपणापासून आवडायची.

पण ही म्हातारी बंदूक भारी नखरेल. हल्लीची काडतुसं तिला लांब पडत आणि आखूड कुठे मिळत नसत. निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करा, मग परत आणा. त्यातच एकदा तेलपाणी करताना ती आनंदीच्या हातून निसटली आणि लाकडी दस्ता मुठीपाशी तडकला.

"आता तरी तिचा नाद सोड," तिचा नवरा नामदेव म्हणाला.

आनंदी दस्ता सोडवायला बसली, तर स्क्रूंच्या खाचा केसाएवढ्या बारीक! घरातला एकही स्क्रूड्रायव्हर बसेना. दोन दुपार खर्चून तिने एक दगडावर घासून पातळ केला, तेव्हा कुठे स्क्रू हलले. मग नुसता दस्ता टॉवेलात गुंडाळून तिने मुरबे गावात रामनाथचं घर गाठलं.

"बाय, मी होड्यांचा सुतार. मना बंदुकीतलं काय कलतं?" रामनाथ म्हणाला.

"लाकडातलं कळतं ना?"

रामनाथने दस्त्यावरून अंगठा फिरवला. दस्ता उजेडाकडे धरून न्याहाळला. मग म्हणाला, "ज्यानं ह्यो केलाय, तो आमच्यातलाच हाय. बघ, लाकडाची रेघ कशी हाताच्या वळणानं नेलीय. ठेवून जा."

आठ दिवसांनी दस्ता मिळाला. चीर बुजलेली आणि आरपार तांब्याची बारीक खीळ, टिकलीएवढी चमकणारी.

त्याच आठवड्यात दिवस मावळताना डुकरं आली. आनंदी बांधावर उभी राहिली, दस्ता खांद्याला टेकवून नळ्या आभाळाकडे केल्या आणि चाप ओढला. नुसतंच खट्ट झालं. वडिलांच्या वेळचं उरलेलं काडतूस, सादळलेलं. तिने दुसरा चाप ओढला. धडाम! डुकरं ओढ्यापार पळाली आणि आनंदी धक्क्याने मागच्या मागे चिखलात बसली.

नामदेव धावत आला. "लागलं का गं?"

आनंदी मुठीपाशी बोटांनी चाचपत होती. "नाय, नाय! चीर पडली नाय, घट्ट हाय!"

"अगं, मी तुझ्या खांद्याचं विचारतोय!"

आनंदीला असं हसू फुटलं, की नामदेवने हात दिला तरी तिला उठता येईना.