नळाला शेक देणारी वाकळ

मी एक जुनी वाकळ हाय, गोधडी म्हणा, मित्रांनो, आन मला घडी घालून ठिवलेलं अजिबात खपत न्हाय. आधीच सांगून ठिवते.

माझा जन्म निपाणीचा. तानुबाईनं दारात, उनाला बसून मला शिवलं. ती तवा तंबाखूच्या वखारीत कामाला जायची. तो वास माझ्या पोटात आजून हाय. वरनं तिचं लुगडं, खालनं तिच्या आईचं. शेवटचा कोपरा शिवताना तिनं आत पोळीचा घास घातला, वाकळंला उपाशी ठिवू न्हाय म्हणून. पर माझी भूक पोळीची न्हवं. मला माणसाचं अंग लागतंय.

तिची लेक पारमिता माझ्यातच वाढली. मला गुंडाळून अभ्यास केला, जनावरांची डॉक्टर झाली. मग घरात मऊ ब्लँकेटं आली आन मला ट्रंकंत कोंडलं, डांबराच्या गोळ्यांसंगं. लई वर्सं आत नुसती तळमळत व्हते.

कॅनडात ऱ्हायला गेलेली पारमिता तिथं बाळंत झाली आन तानुबाई बाळंतपणाला निघाली, तवा कुठं माझी सुटका झाली. पारमिताचं भाड्याचं घर गावाबाहीर, शेतात. शेजार म्हंजे लांबवर दिसणारं एक छप्पर. चारी बाजूला बर्फ. दाराच्या कडीला हात लावला तर हात चिकटायचा. म्हटलं, आता बाळाच्या अंगावर मीच. पर पारमितानं सांगितलं, पाळण्यात सुटं पांघरूण घालायचं न्हाय. एवढ्या लांब येऊन हे ऐकायचं? असला राग आला म्हणता! शेवटी तानुबाईनंच मला खांद्यावर घेतलं.

त्या घराचा एक नेम व्हता. कडक थंडीत झोपताना सैपाकघरातला नळ बारीक धारेनं चालू ठिवायचा, न्हायतर पाइपात पाणी गोठतंय. तानुबाईला ते बघवत नसायचं. तिच्या गल्लीत नळ आला की हातातलं काम टाकून घागरी घेऊन पळायचं. आन तिची आई तर दुसऱ्यांच्या आडापासनं लांब हुबी ऱ्हायची. कुणी वरनं वतलं तर पाणी, न्हायतर रिकामी घागर. वादळ सुटलं त्या दिवशी झोपायला जाताना तानुबाईनं नळ पिळून घट्ट बंद केला. मी खांद्यावर व्हते, सगळं बघत व्हते. पर वाकळंला तोंड कुठाय?

सकाळी नळ उघडला तर थेंब न्हाय. रस्ता बर्फानं बंद, दुरुस्तीवाला येणार न्हाय. बाळ घाण करून रडतंय, पारमिताचा नवरा प्रशिक पातेल्यात बर्फ भरून शेगडीवर वितळवतोय. घरमालकानं फोनवर सांगितलं, पाइप फुटला तर घर पाण्यात जाईल. नळ उघडा ठिवा आन पाइपाला हळूहळू ऊब द्या. प्रशिक तर उकळतं पाणीच वतायला निघालता. पारमितानं त्याचा हात धरला.

प्रशिक बाळाकडं वाकून म्हणाला, "नळ तू बंद केलास व्हय रं?"

कुणी हसलं न्हाय.

"म्या केला," तानुबाई म्हणाली.

"सांगितलं व्हतं न्हवं गं आई तुला?"

"सांगितलं व्हतंस. पर धार वाया जाताना बघितली की मला आमची आई दिसती, आडापाशी हुबी."

पारमितानं नळाखालच्या पाइपाला हात लावून बघितला. मग माझ्याकडं बघत म्हणाली, "हळूहळू ऊब म्हंजे शेकच की. मला बाळंतिणीला देतीस तसा दे पाइपाला."

तानुबाईनं तव्यात मीठ तापवलं, फडक्यात पुरचुंड्या बांधल्या आन नळाखालच्या कपाटात डोकं घालून बसली. पुरचुंड्या पाइपाला लावल्या, वरनं मला करकचून गुंडाळलं. आई गं, काय तो गारठा! मी जन्माची चुळबुळी, पर तिथं हलायची सोय न्हाय. पुरचुंडी गार झाली की दुसरी, दुसरी गार झाली की तिसरी. प्रशिक मीठ तापवतोय, तानुबाई पाइपावर हात ठिवून बसलीया. मला वाटाय लागलं, आता फुटतोय, आता फुटतोय.

आन मग आत कायतरी हाललं. पोटातलं पोर हालतंय तसं. नळ खोकला, थुंकला, आन धार लागली.

त्या दिवशी बाळाला अंघोळ घालून तानुबाईनं मांडीवर घेतलं. पाइपाची ओल लागली म्हणून मला शेगडीजवळ वाळवलं आन बाळाभवती गुंडाळलं. मांडीवर चालतंय, म्हणाली पारमिता. ओल्या केसांचं एवढंसं डोस्कं माझ्या अंगाला टेकलं. किती वर्सांनी गप झाले मी.

मित्रांनो, तुमच्याबी माळ्यावर, ट्रंकंत कुणीतरी घडी हून पडलं आसंल. त्याला बाहीर काढा, ऊन दाखवा, कामाला लावा. आमाला जपायचं म्हंजे कोंडायचं न्हाय.

आता रोज झोपताना नळाची धार तानुबाईच चालू ठिवती. फकस्त खाली मोठं पातेलं लावती. सकाळी ते काठोकाठ भरलेलं असतंय, आन तेच पाणी तापवून बाळाची अंघोळ हुती.