लिफ्टमिस्त्रीचं ब्रह्मचर्य

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीने वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी ब्रह्मचर्य पाळायला घेतलं आणि घरात कुणाला त्याचा पत्ताही लागला नाही. बायकोलाही नाही. वास्तविक तिला तरी लागायला हवा होता. पण गेली दोन वर्षं ती भिंतीकडे तोंड करून झोपत होती, त्यामुळे आपण नेमकं सोडलं काय, हे मिस्त्रीला स्वतःलाच सांगता आलं नसतं. ज्याला कुणी जेवायला बोलवत नाही, त्याने ऐटीत उपास धरावा, तशातली गत.

ही अक्कल दिली पैलवानाने. पैलवान म्हणजे त्याच कंपनीतला दुसरा मिस्त्री. गच्चीवरच्या मशीनरूममध्ये ग्रीसचा डबा मांडीशी घेऊन तो म्हणाला, "पुरुषाने लांब राहिलं की सगळं अंगात मुरतं बघ. मग घामाला असा वास सुटतो की बायका आपणहून ओढल्यासारख्या येतात. फक्त साबण लावून तो मारायचा नाही. आणि मध्येच नियम मोडलास, तर मुसळ केरात."

पैलवानाचं स्वतःचं लग्न अजून का जमलं नव्हतं, हे मिस्त्रीने विचारलं नाही. विचारायला डोकं ठिकाणावर लागतं. त्याचा दुसऱ्या कुणा बाईवर डोळा नव्हता. आपली बायको पुन्हा आपल्याकडे तोंड करून झोपावी, एवढंच त्याला हवं होतं, आणि ते तिला तोंडाने सांगायची लाज वाटत होती. घामाने परस्पर सांगितलं तर बरंच.

साबण बंद झाला, पावडर बंद झाली. अंगावर दोन तांबे पाणी ओतायचं की झाली अंघोळ. आणि लिफ्ट म्हणजे काय, चार भिंतींची बंद पेटी. परीक्षा घ्यायला याहून चांगली जागा कुठली?

पहिल्याच आठवड्यात सातव्या मजल्यावर राहणाऱ्या शिक्षिका त्याच्यासोबत लिफ्टमध्ये शिरल्या आणि दुसऱ्याच मजल्यावर उतरून जिन्याने वर गेल्या. बाईंना स्वतःचा भरवसा वाटला नसेल, असं मिस्त्रीने मनाशी धरलं. दातांच्या दवाखान्यातल्या मुलीने ओढणी नाकाला लावली, ती त्याच्या मते लाजली. शेवटी सुपरवायझरने त्याला लांबूनच सांगितलं, "महिनाभर तू आपला मशीनरूमचंच बघ. माणसांत येऊ नकोस." हा जळतोय, मिस्त्री म्हणाला. मनातल्या मनात, पण छाती फुगवून.

आणि नवल म्हणजे घरी खरोखरच गुण आला. बायको टीव्ही बघताना पलीकडच्या खुर्चीवर बसायची, ती सोफ्यावर त्याच्या शेजारी येऊन बसू लागली. मग एका संध्याकाळी तिने त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. पण मुसळ केरात जाईल या धास्तीने त्याने दोन्ही हात स्वतःच्या मांडीवर घट्ट धरून ठेवले आणि बातम्या ऐकत राहिला. त्या दिवशी काय बातम्या होत्या, हे त्याला आजही सांगता येणार नाही. मात्र आपल्याएवढा सुखी माणूस गावात नाही, याची त्याला खात्री होती.

रविवारी दुपारी मेहुणी आली. आल्या आल्या तिने घरातल्या सगळ्या खिडक्या उघडल्या.

"ताई, तू भाऊजींच्या शेजारी बसतेस तरी कशी गं? अख्ख्या जिन्यात वास मारतोय."

"मला कुठे काही कळतं?" बायको शांतपणे म्हणाली.

मेहुणी चहा न घेताच गेली. मिस्त्री तिथेच उभा.

"कळत नाही म्हणजे काय?"

"अहो, मला तो मोठा ताप आला होता ना, त्यानंतर माझं नाक गेलंय. दूध करपलं तरी मला पत्ता नसतो. दोन वर्षं झाली. तुम्हाला सांगितलं होतं की."

"मी काय म्हणालो होतो?"

"बरं झालं म्हणालात. आता तुमच्या मोज्यांवरून तुम्हाला बोलणी बसायची नाहीत म्हणालात. आणि हसलात."

मिस्त्रीला आठवलं. विनोद चांगला जमला म्हणून त्याने तो पैलवानालाही ऐकवला होता. आपल्यासारखा गाढव आपणच, हे त्याला त्या क्षणी पुरतं पटलं. महिनाभर अख्ख्या इमारतीला छळून त्याने जी जादू मुरवली होती, ती जिच्यासाठी होती तिच्या नाकापर्यंत पोचलीच नव्हती.

"मग माझ्याजवळ का बसायला लागलीस?"

ती सोफ्यावर बसून पदराच्या टोकाला पीळ देत राहिली.

"हल्ली तुम्ही नुसते बसता म्हणून. आधी खांद्यावर हात पडला की पुढचं सगळं ठरलेलं असायचं. आणि मला माझ्या अंगाचा वास येतोय का, तेही कळेना. दिवसभर गॅसपाशी, घामाने थबथबलेली. तुम्हाला किळस येत असेल, असं वाटायचं. म्हणून तोंड फिरवून झोपायचे."

"मला विचारायचं नाही का?"

"कसं विचारू? तुम्ही हसला असतात."

हसलो असतो, हे त्याला माहीत होतं.

"आता विचार," तो म्हणाला.

ती वर न बघता म्हणाली, "येतो का मला वास?"

तो तिच्याजवळ बसला, तिच्या मानेपाशी वाकला आणि छातीभर श्वास घेतला. पुन्हा एकदा घेतला. पण त्याच्या नाकात दुसरंतिसरं काही शिरेचना. सगळीकडे तोच होता, महिनाभर मुरलेला.

"काय हो, येतो?"

"माझ्यापुढे काही कळत नाहीये गं," तो म्हणाला. "थांब. साबण लावून येतो, मग नीट सांगतो."

"या," ती म्हणाली. "मी बसलेय."