उजवीकडून

पिन... पुस्तकाच्या जाड कागदाला मारलेली ती बारीक पिन जरा वर आली होती, आणि हळद निवडून पिवळा झालेला अम्मीचा अंगठा नेमका तिच्यावर टेकला होता. टोचेल तिला, असं खुशनुमाला वाटलं. ती स्वतः नळावर गेली होती, तेवढ्यात पुस्तक छापणाऱ्या पुण्याच्या संस्थेचं पार्सल आलं, आणि अम्मीनं ते फोडून पुस्तक मांडीवर घेतलं – खुशनुमाच्या आजारपणाचं, खुशनुमानंच काढलेलं चित्रपुस्तक.

अम्मीला मराठी वाचता येत नाही, उर्दू तेवढी येते. त्या भरवशावर तर एवढं धाडस केलं होतं... शिरड शहापूरच्या या घरात बारावीनंतर आपण कशा अंथरुणात पडून राहिलो, आंघोळ नको, जेवण नको, मरून जावंसं वाटायचं – सगळं बिनधास्त काढलं. आणि बाहेरून कडी घालणारी अम्मी, पहिल्याच पानावर, पानभर. लोकांची नजर बसावी म्हणून. संस्थेत त्याच पानाची वाहवा झाली, आणि मोठी चित्रकार लागून गेलेली खुशनुमा ती सुखानं ऐकत राहिली. चित्राला अक्षरओळख लागत नाही, एवढं साधं कसं सुचलं नाही?

अम्मी उर्दूच्या सवयीनं मागून, उजवीकडून पानं उलटत होती. म्हणजे तिची खुशनुमा आधी गच्चीवर हसली, मग दवाखाना, मग गोळ्या, मग अंधार... आणि आता कडी. अम्मी थांबली. चित्रातल्या ओढणीची किनार बराबर तिचीच होती.

"शेवट असा काहून केला, बेटा? चांगली हसून राहिली होतीस की. मग मी कोंडलं, अन् संपलं?"

"अम्मी, ते उलटं..." खुशनुमा अडखळली. काय सांगायचं? की हा शेवट नाही, सुरुवात आहे – माझं सगळं तुझ्यापासूनच सुरू झालं?

"तू हिरीकडं निघाली होतीस त्या दिवशी. म्हनून घातली मी कडी. ते कुठं हाय यात?"

ते काढलं होतं तिनं. मग गाळलं, पान फार गजबजत होतं म्हणून. तेव्हा किती सहज वाटलं होतं... आता तिला स्वतःची किळस आली, मान वर होईना.

अम्मीनं चित्राखालच्या ओळीवर बोट ठेवलं. "हे काय लिहिलंय? वाच."

'माझा आजार या दारापासून सुरू झाला.'

खुशनुमा त्या ओळीकडे बघत राहिली. तिनं काहीही वाचून दाखवलं असतं तरी अम्मीनं ते खरं मानलं असतं – आणि तेच तिला सोसवेना.