गुण्यात नसलेलं टेबल

जिनेवाल्यानं टेम्पोतून बावीस लोखंडी प्लेटा शेडच्या दारात आदळल्या आणि तोंड उघडलं, ते बंद व्हायचं नाव नाही.

"हे बघ, थोरले, एकेक प्लेट हातात घेतलीस तर झकास दिसते. फरक किती, तर एक सूत. तीन मिलिमीटर म्हण. पण गोल जिना आहे हा, बाई! एक पायरी दुसरीवर बसते, दुसरी तिसरीवर. एकेक सूत सरकत वर गेलो आणि बाविसावी पायरी माडीच्या दारापासून चार बोटं बाजूला. घरमालकीण वरून बघत होती. माझं नाक कापलं गेलं तिच्यासमोर."

थोरलीनं एक प्लेट उचलून उजेडात धरली. घरात धाकटी कोणी नव्हतीच, ती एकुलती एक. पण ती जन्मली तेव्हा मागून आणखी दोघी-तिघी येतील अशी वडिलांना फार आशा, म्हणून त्यांनी आधीच नंबर देऊन ठेवला. बाकीच्या आल्या नाहीत, नाव मात्र चिकटलं. आता ती तीस वर्षांची, वडील जाऊन दहा महिने झालेले, आणि शेड तिच्या हातात.

"तुझ्या बापाच्या या टेबलावर अठरा वर्षं माझे जिने कापले गेले," जिनेवाला म्हणाला. "एक सूत इकडचं तिकडं नाही कधी. तो गेला आणि हे काय? गुरुवारपर्यंत नीट कापून दे. नाहीतर मला दुसरं दार बघावं लागेल. वाईट वाटून घेऊ नकोस."

वाईट वाटून घेऊ नकोस म्हणे! असं म्हटल्यावर ज्याला वाईट वाटत नाही असा माणूस अजून जन्मायचाय. थोरलीला तर दुप्पट वाटलं. कारण जिनेवाल्याला माहीत नव्हतं ते तिला माहीत होतं. महिन्यापूर्वी तिनं स्वतः त्या टेबलाला हात लावला होता.

टेबल म्हणजे जेवायचं नव्हे, हे सांगायला नकोच. पाण्याचा उथळ हौद, त्यावर पट्ट्यांची जाळी, जाळीवर लोखंडाची प्लेट. दोन बाजूंना रूळ, रुळांवर पुढेमागे जाणारा आडवा बीम आणि बीमवरून डावीउजवीकडे पळणारी प्लाझ्माची टॉर्च. कॉम्प्युटरमध्ये ड्रॉइंग घातलं की टॉर्च निळ्या जाळानं तेवढा आकार प्लेटमधून सोडवून देते. तयार मशीन घ्यायची ऐपत नव्हती आणि असती तरी वडिलांनी घेतलं नसतं. त्यांनी हे टेबल भंगारातून आणलेल्या लोखंडाचं स्वतः बांधलं होतं.

वडिलांच्या आजारपणात टेबल बंदच पडलं होतं. ते गेल्यावर पुन्हा सुरू करायचं म्हणून थोरलीनं सगळं पुसलं, तेल दिलं, बेअरिंग बदलली, आणि मापं घेतली. बीम रुळांशी काटकोनात नव्हता. कामावरची माणसं म्हणतात तसं, टेबल गुण्यात नव्हतं. एका बाजूला एक सूत मागे. दोन वर्षांपूर्वी क्रेनवरून एक प्लेट सुटून बीमवर आपटली होती, त्याचाच हा दणका असणार असं तिनं धरलं. ग्राइंडर घेतला, टोकाचं वेल्डिंग कापलं, बीम बरोब्बर गुण्यात आणला आणि पुन्हा जोडला. मनाशी म्हणाली, बाबा असते तर पाठ थोपटली असती.

आणि त्यानंतरचं पहिलं मोठं काम म्हणजे हा जिना, नेहमीच्याच मापाचा, बाबांच्या जुन्या ड्रॉइंगवरून कापलेला.

मंगळवारी सकाळी तिनं पदर खोचायचा तशी ओढणी खोचली आणि टेबलाच्या मागे लागली. टॉर्चच्या टोकाची नोझल काढून पाहिली, भोक जरासं फाटलेलं वाटलं, नवी घातली. कंप्रेसरच्या टाकीतलं पाणी काढलं, कारण हवेत ओल असली की जाळ फिसकटतो. टॉर्च प्लेटपासून किती उंच चालते ते तपासलं. बीम हातानं हलवून पाहिला, दातेरी पट्टीत कुठे ढिलाई आहे का म्हणून. नव्हती. मग एक नवा चौरस काढून कापला, अर्ध्या मीटरचा, आणि दोन्ही कर्ण मोजले. सारखे! केसाचाही फरक नाही. तिचा जीव भांड्यात पडला. लगेच जिन्याची एक प्लेट कापली आणि जीव पुन्हा भांड्याबाहेर. प्लेट तिरकी. तेच एक सूत.

चौरस सरळ येतो आणि पायरी वाकडी, हा कुठला न्याय? प्लेट तापून फुगत असेल म्हणून तिनं कापायचा क्रम बदलला. प्लेट सरकत असेल म्हणून चारी कोपरे आवळले. वाकडी. बुधवारी सकाळपर्यंत भंगाराच्या डब्यात पाच पायऱ्या जमा झाल्या आणि थोरलीनं हात टेकले. स्टुलावर बसली आणि टेबलाकडे बघत राहिली.

तिला वडील दिसायला लागले. टेबलाच्या आधीचे, गुडघ्यांवर बसून खडूनं रेघ ओढणारे, गॅसची टॉर्च हातात धरून श्वास रोखून कापणारे. कापून झाल्यावर सोडलेला तो मोठा श्वास सगळ्या शेडला ऐकू जायचा. मग टेबल आलं आणि श्वास रोखायचं काम मशीनकडे गेलं. तरी टॉर्च चालू असताना बाबा बोलायचे नाहीत, शेवटच्या कोपऱ्यापर्यंत गप्प. शेडमध्ये तापलेल्या लोखंडाचा वास असायचा, आणि दुपारी आई डबा घेऊन यायची तेव्हा त्यात शिलाई मशीनच्या तेलाचा वास मिसळायचा, कारण आई लोकांचे कपडे शिवायची आणि तिच्या हाताला तो कायमचाच. किती साधे दिवस होते ते! आणि आपण मात्र लवकर मोठं व्हायची घाई केली, असं थोरलीला वाटलं आणि डोळे भरून आले.

एक गोष्ट बाबांनी कधी कोणाला करू दिली नाही. ड्रॉइंग. वेल्डिंग कर, ग्राइंडिंग कर, पण कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. तिनं स्वतः काही काढलं तरी म्हणायचे, "ठेव तिथं. मी जरा बघतो." आणि दाराकडे पाठ करून बसायचे. तिला राग यायचा. अठ्ठावीस वर्षांच्या बाईला चौकोन काढता येत नाही की काय!

ते आठवलं आणि ती स्टुलावरून उठली. दोन दिवस तिनं कापलेली प्लेट कागदाशी ताडून पाहिली होती. कागदावर बाबांच्या अक्षरात मापं होती आणि बाबांचं माप चुकेल हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. पण मशीन कागद कुठं वाचतं? ते कॉम्प्युटरमधली रेघ वाचतं. तिनं जिन्याचं ड्रॉइंग उघडलं आणि पडद्यावरच्या रेघांचे कर्ण मोजले.

सारखे नव्हते. ड्रॉइंगच तिरकं होतं.

तिनं दुसरं ड्रॉइंग उघडलं, कुठल्याशा गेटाचं. तिरकं. पाण्याच्या टाकीचं झाकण, तिरकं. बारा वर्षांपूर्वीचं, सोळा वर्षांपूर्वीचं, सगळी उघडत गेली. मीटरमागे एक सूत, एकाच बाजूला, एकजात सगळी. तिनं काढलेलीसुद्धा. म्हणजे क्रेनवरची प्लेट बिचारी उगाच बदनाम झाली. टेबल पहिल्या दिवसापासून वाकडं होतं आणि बाबा अठरा वर्षं प्रत्येक ड्रॉइंग तेवढंच उलटं वाकडं करून घालत होते, म्हणून काम सरळ यायचं. आता तिनं टेबल सरळ केलं आणि ड्रॉइंगं उघडी पडली.

पण का? ज्या माणसानं टेबल बांधलं त्याला अर्ध्या दिवसात वेल्डिंग कापून ते सरळ करता आलं नसतं? तिनं तर दुपारच्या आत केलं होतं.

शेडच्या मागेच घर. आई शिलाई मशीनवर बसली होती. थोरलीनं सगळं सांगितलं. आईनं पाय थांबवला, पण मान वर केली नाही.

"कळलं का शेवटी," ती म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"मला काय माहीत नसतं या घरातलं?" आईनं दातानं दोरा तोडला. "उन्हाळ्याच्या सुट्टीत टेबल बांधलं. तू अकरा वर्षांची. दिवसभर त्यांच्या पायात पायात. बीम कुठं जोडायचा त्याची खूण करायची होती. त्यांनी टेपचं टोक तुझ्या हातात दिलं आणि सांगितलं, रुळाच्या कडेला घट्ट धर. तू कडेला न धरता वेल्डिंगच्या गाठीवर धरलंस. झालं, एक सूत गेलं."

थोरलीला टेप आठवला. ती तो जीव खाऊन धरून होती, हेही आठवलं. गाठ मात्र आठवली नाही.

"मग दुरुस्त का नाही केलं?"

"करायला निघाले होते की. पहिलं काम वाकडं आलं तेव्हा लगेच कळलं त्यांना. ग्राइंडर हातात घेतला होता. आणि तू बाहेर गल्लीभर सांगत फिरत होतीस, टेबल मी आणि बाबांनी मिळून केलं, माप मी धरलं. शाळेत निबंध लिहिलास त्याच्यावर. मी म्हटलं, पोर शाळेत गेल्यावर कापा. तर म्हणे, नाही, कापल्याची खूण दिसेल, ती विचारेल. पुन्हा टेप हातात धरायची नाही ती."

आई आता हसत होती आणि रडतही होती, दोन्ही एकदम. "मीच मेली शहाणी. थट्टेत म्हटलं, कापड उरेब निघालं तर आम्ही कागद तेवढाच तिरका ठेवून कापतो. तुम्हीही ठेवा. मला काय ठाऊक हे खरंच अठरा वर्षं ठेवतील! पुढे तू मोठी झालीस, तेव्हा म्हटलं, सांगून टाका आता. तर म्हणाले, इतकी ड्रॉइंगं झालीत, कोण सरळ करत बसणार? अर्धी माया आणि अर्धा आळस, बाई. तुझा बाप तसाच होता."

दुपारभर थोरलीनं जिन्याचं ड्रॉइंग सरळ केलं. काम अवघड नव्हतं, पण हात चालेना. एकेक रेघ सरळ करताना बाबांनी तिच्या पाठीवर ठेवलेला हात आपणच काढून घेतोय असं तिला वाटत होतं. संध्याकाळपर्यंत बावीस पायऱ्या कापून झाल्या. कर्ण मोजले. सगळे सारखे.

गुरुवारी जिनेवाला आला आणि प्लेटा घेऊन गेला. दुपारी परत आला तो खुशीत. "बसला! बाविसावी पायरी दाराला अशी चिकटली की बस. काय झालं होतं गं?"

थोरलीच्या जिभेवर दहा उत्तरं होती. नोझल गेली होती, हवेत पाणी होतं, काहीही चाललं असतं. खरं सांगितलं तर बाबांचं टेबल अठरा वर्षं वाकडं होतं हे गावभर होणार, आणि ज्या माणसाच्या मापाची लोक शपथ घेत होते त्याच्या मापाला डाग लागणार. पण तिला खोटं बोलवेना. या शेडमध्ये तिच्यासाठी एवढं मोठं खोटं आधीच बोलून झालं होतं, आणखी एक कुठं ठेवायचं?

"काका, टेबल वाकडं होतं," ती म्हणाली. "पहिल्यापासून. माप चुकलं होतं आणि ते मी चुकवलं होतं. अकरा वर्षांची असताना. टेप माझ्या हातात होता. बाबा ड्रॉइंगमध्ये सांभाळून घ्यायचे."

जिनेवाल्याचं हसू मावळलं. तो टेबलाच्या कडेला टेकला. मेलेल्या माणसाबद्दल सगळेच वाढवून सांगतात, त्यानंही सोमवारी तेच केलं होतं, आणि आता ते त्याचं त्यालाच आठवलं असावं.

"पहिला जिना," तो हळू म्हणाला. "या टेबलावरचं पहिलंच काम माझं होतं. सगळ्या पायऱ्या वाकड्या आल्या होत्या गं. मी इथं येऊन तुझ्या बापाला वाट्टेल ते बोललो. चार गिऱ्हाईकं उभी होती, त्यांच्यासमोर. म्हटलं, टेप धरता येत नाही आणि मशीन बांधतोय. एवढा मानी माणूस, पण उलट शब्द नाही. हात जोडून म्हणाला, टेप मीच धरला होता, चूक माझी आहे."

"मी कुठं होते तेव्हा?" थोरलीनं विचारलं. 

"तू? तू तिथंच होतीस की, त्याच्या शेजारी. 'बाबा, टेप तर मी धरला होता,' असं काहीतरी म्हणायला लागलीस, तर त्यानं तुला पाणी आणायला पाठवलं."