धुनी दिलेली जाळी

शिंदीच्या बनापुढं सारी हिवरवाडी गोळा झाली होती. धुनीबाबांनी आदल्या दिवशी ज्या जाळ्याकडं बोट केलं होतं, नेमक्या त्याच जाळ्यात रानडुक्कर पडलं होतं.

"बघितलंव का? बघितलंव का?" मुंजाजी शेजारच्याला कोपरानं ढोसत होता. आवेश असा, की डुक्कर त्यानंच पाडलं असावं. त्याचं स्वतःचं जाळं रिकामं होतं. त्याच्या शेजारचं रिकामं, त्यापलीकडचंही रिकामं. नदीकाठानं लावलेल्या अख्ख्या रांगेत भरलं होतं ते एकच, बाबांचा चेला बन्सीधर याचं.

बाबा काळ्या घोंगडीवर डोळे मिटून बसले होते. अंगाला राख, गळ्यात डुकराचा सुळा. ओठ हलत होते, "बांधूं जंगल, बांधूं झाडी, बांधूं सूअर की नौ-नौ नाडी." डुकराला नाड्या किती असतात हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यामुळं नऊ कुणाला खटकल्या नाहीत.

"पण बाबा," मुंजाजीनं हात जोडले, "धुनी तर समद्यांनीच घेतली. मग आमचीच जाळी रिकामी का?"

"नजर है," बाबा म्हणाले. "जंगल और नदी के बीच में बैठी है. औरत है. मरद नहीं उसका."

नाव घ्यायची गरज पडली नाही. बन आणि नदी यांच्यामधे एकच शेत होतं आणि त्या शेतातल्या माळ्यावर, हातात गोफण घेऊन, कडूबाई उभी होती. सगळी तोंडं तिच्याकडं वळली. ती खाली उतरली नाही.

ही गोष्ट निजामाच्या अमलातली, एकेचाळीस सालच्या थंडीतली. खेड्यातल्या माणसाला बंदुकीचा परवाना मिळणं दुरापास्त. शाळू हुरड्यात आला की डुकरं बनातून निघायची आणि रात्रीतून वावर लोळवून जायची. गावाजवळ उपाय एकच. नदीकाठानं अंबाडीच्या दोराची जाड जाळी लावायची, बनाच्या मागच्या अंगानं डबे बडवत हाका घालायचा आणि जाळ्यात अडकलेलं डुक्कर भाल्यानं मारायचं. ज्याच्या जाळ्यात पडेल त्याला मुंडकं आणि मागची एक तंगडी. बाकीचं गावात वाटायचं.

कडूबाईचा नवरा या कामातला नावाजलेला. तो दोन वर्षांमागं तापानं गेला. त्याच्या हाताला यश आहे, असं लोक म्हणायचे. तो हसायचा. "यश कसलं? कधी डुक्कर येतं, कधी येत न्हाई. आलं तर त्याला जाळं कळू द्यायचं न्हाई, एवढंच आपल्या हातात," असं बायकोला सांगायचा. शिकारीच्या आधी तो जाळं नदीच्या काळ्या चिखलात मुरवायचा. त्याचं बघून गाव मुरवायचं. चिखल कशासाठी, हे कुणी विचारलं नव्हतं. मग बाबा आले, चिखल नापाक म्हणाले आणि जाळी धुनीवर धरायला लावली. तेव्हाही कुणी विचारलं नाही.

दुपारी पोलीस पाटील माणिकराव शेताच्या बांधावर आले. माणूस वाईट नव्हता. गर्दी जिकडं जाईल तिकडं पुढं चालायची त्याला सवय होती.

"कडूबाई, गाव तापलंय. बाबा म्हणतेत, शेत त्यांच्या मठाला दे आन् वालूरला माहेरी जाय. भाऊ सांभाळतेत की तुला."

"भावानं काय गुन्हा केला?"

"मस्करी नको."

"मस्करी तुमी करायलाव, पाटील. शेत माझ्या नवऱ्याचं, नजर माझी. दोनी हितंच ऱ्हातील."

"मग डुकरं का फिरायलीत, सांग."

कडूबाईला तेच सांगायचं होतं, पण तिनं घाई केली नाही. सकाळी माळ्यावरून तिनं सगळं बघितलं होतं. कळप बनातून नीट जाळ्यांवर चालून आला होता. मग पुढच्या मादीनं मुस्कट वर केलं आणि थोबाडीत बसावी तशी ती थबकली. कळप वळला, रांगेच्या कडेकडेनं पळत राहिला आणि शेवटच्या, बन्सीधरच्या जाळ्यात घुसला.

कुणाची नजर लागून फिरलेलं डुक्कर असं मुस्कट वर करत नाही. ते नाकानं फिरलं होतं.

ती तडक नदीकाठी गेली. जाळी अजून तशीच लावलेली होती. तिनं मुंजाजीचं जाळं उचलून नाकाला लावलं.

"वयनी, बाईनं जाळ्याला शिवू नये," मुंजाजी धावत आला.

"का? रिकामंच हाय. अजून काय रिकामं हुईल?" तिनं गाठ त्याच्या नाकापुढं धरली. "हुंगा."

"लोबान हाय. धुनीचा."

"उरुसात उभं ऱ्हायल्यावानी वास यायलाय. आता ते हुंगा." बन्सीधरच्या जाळ्याला नदीच्या गाळाचा वास होता, दुसरा कसलाच नाही. मुंजाजी दोन्हीकडं बघत राहिला. तोंडातलं पान चघळायचं त्याचं राहून गेलं.

"बाबाचं जाळं पाक असंल, म्हणून धुनीचा वास न्हाई," तो शेवटी म्हणाला.

"असंल. इचारू की त्यांनाच."

दिवस मावळायच्या आत चावडी भरली. बाबांनी फैसला जाहीर केला. उद्या आणखी एक शिकार. जाळी रिकामी राहिली तर बाईनं शेत सोडायचं.

"कबूल," कडूबाई म्हणाली.

माणिकराव सुटल्यासारखे झाले. पण ती बसली नाही.

"माझ्या दोन मागण्या हायत. एक, माझ्या नवऱ्याचं जाळं रांगेत लागंल, बिनधुनीचं. दुसरी, बन्सीधरच्या जाळ्याला समद्यांसमोर धुनी द्यायची."

बाबांचे डोळे उघडले. "उसको जरूरत नहीं. वो पहले से पाक है."

"मग अजून पाक हुईल. देवाचा धूर हाय बाबा, त्यानं कुणाचं वाईट हुतंय व्हय?"

चावडीत कुणीतरी हसलं. बाबांनी मंत्र सुरू केला, पण नऊ नाड्यांपर्यंत पोचायच्या आत दुकानदार बसप्पा उठला. तो लिंगायत, मांसाला न शिवणारा. त्याच्याच दुकानातून बाबांकडं लोबान जायचा.

"मला डुकरात वाटा न्हाई," तो म्हणाला. "आमी वांगी मारून खातो. तवा पंच म्हणून मला धरा. धुनी मी देतो, बाबांच्याच शेगडीवर, माझ्याच लोबानाची. आक्षेप आसंल तर बाबांनी सांगावं."

लोबानाला आक्षेप घ्यावा तर आजवर दिलेल्या सगळ्या धुनीला घ्यावा लागत होता. बाबांनी शेगडी पुढं सरकवली. बसप्पानं बन्सीधरचं जाळं असं धुरावलं की चावडीतली माणसं खोकत बाहेर पडली.

सकाळी हाका झाला आणि काहीच आलं नाही. एक ससा तेवढा जाळ्याखालून निसटला.

"देखा?" बाबा उभे राहिले. "औरत ने जाल छुआ. जंगल रूठ गया."

लोक पुन्हा कडूबाईकडं वळले. शेत आता गेलंच, असं तिलाही क्षणभर वाटलं. तरी तिचा आवाज चढला.

"आलंच न्हाई, ते नशीब. नशिबाला मी बी काई करू शकत न्हाई आन् हे बी न्हाईत. डुक्कर बनाच्या त्या टोकाला असंल. पुन्यांदा हाका घाला. शिकार दिसभर हाय, घटकाभर न्हाई."

"बरोबर हाय," बसप्पा म्हणाला. माणिकरावांनी मान हलवली.

दुसऱ्या हाक्याला कळप आला. वारा रोजच्यासारखा नदीवरून बनाकडं वाहत होता. पहिल्या जाळ्यापुढं मुस्कटं वर झाली. कळप वळला, रांगेच्या कडेनं पळाला, बन्सीधरच्या जाळ्यापाशी आला, थबकला आणि त्यालाही वळसा घालून पुढं गेला. पुढं कडूबाईचं चिखलात मुरवलेलं जाळं होतं.

डुक्कर पडल्याचा आवाज झाला, तसा गावानं गलका केला. मुंजाजी धावत येऊन कडूबाईच्या पायावर पडला.

"वयनी, तुमच्या हातात देवी हाय. आमची जाळी आता तुमीच बांधून द्या."

मागोमाग आणखी चार जण वाकले. कुणी हळद आणायला पळालं. बाबांची घोंगडी ओस पडली आणि तिच्या पायापाशी गर्दी जमली. शेत वाचलं होतं. गप्प बसली असती तर बाबांची जागाही तिलाच मिळाली असती.

तिनं पाय मागं घेतले.

"उठा, मुंजाजीभाऊजी. एक भूत उतरलं न्हाई तर दुसरं चढवायलाव." ती बसप्पाकडं वळली. "काका, पुढल्या शिकारीला माझ्या जाळ्याला धुनी द्या. कालच्याहून ज्यास्ती. बाकीच्यांनी आपापली जाळी चिखलात मुरवा. मग बघू देवी कुनाच्या हातात हाय."

तसंच केलं. त्या दिवशी नशिबानं कळप पहिल्याच हाक्याला निघाला. कडूबाईच्या जाळ्यापुढं मुस्कटं वर झाली, कळप फिरला आणि मुंजाजीच्या जाळ्यात शिरला. देवी तिच्या हातात नव्हती. कुणाच्याच नव्हती. मुंजाजीला मुंडकं आणि तंगडी मिळाली आणि बराच वेळ आनंद करावा की लाजावं हेच त्याला कळेना.

बन्सीधरला त्याच संध्याकाळी चावडीवर बोलावलं, तेव्हा तो आधी रडला, मग बोलला. "बाबा म्हनायचे, समद्यांची जाळी धुरावून घे, आपलं तेवढं गाळात बुडीव. कळप वासाला भिऊन आपल्याकडंच येतो म्हने. ते आधी कुठंतरी जाळ्यानं शिकार करणाऱ्यांत हुते." बाबा ऐकायला नव्हते. पहाटेच पूर्णेच्या स्टेशनाकडं गेले होते. लोबान नेला, घोंगडी विसरले.

माणिकरावांनी खाकरून विचारलं, "मग कडूबाई, आता शिकारीच्या आधी गावानं काय करावं?"

"कुनाच्या पाया पडू नये," ती म्हणाली. "वारा बघावा, जाळं मुरवावं. जेवढं हातात हाय तेवढं नीट करावं. तरी डुक्कर आलं न्हाई तर नशीब म्हना, घरी जावा, माझी हरकत न्हाई. पन येऊन फिरलं तर कारन हाय. ते हुडका. कुन्या बाईकडं बोट करायच्या आधी आपलं जाळं हुंगा."

मग माणिकराव वाकले. भिंतीशी टेकवलेलं, चिखलात मुरवायचं राहून गेलेलं स्वतःचं जाळं त्यांनी ओढलं, लोबानाच्या वासाची एक गाठ नाकाला लावली आणि सगळ्यांसमोर शिंकले.